कंट्रोलचा तांदूळ, वावरातली भाजी आन् आमी

धान्य महिन्यातून एकदा येतं. किस्से मात्र रांगेत बसलं की येतातच!

आमच्या गावात रेशनच्या दुकानाला कोणी रेशन म्हणत नाही, 'कंट्रोल' म्हणतात. औंढ्याहून जवळा बाजारकडं जाताना आमचा फाटा लागतो. कंट्रोलमध्ये मशीन आहे, मशीनला रेंज लागते, आणि रेंज आली की लाइट जाते. तोवर आम्ही बाया रिकाम्या पिशव्या अंथरून बसतो आणि एकच विषय चघळतो: आज काय रांधायचं? गहू-तांदूळ सरकार देतं, पण त्याच्यासोबत काय खायचं ते आमच्यावर सोडलंय. ते लेकरांच्या अंगी लागलं पाहिजे, नवऱ्याच्या जिभेला रुचलं पाहिजे, आणि पिशवीत तर दर महिन्याला तेच ते. अशा वेळी डोकं चालतं, आणि तोंड त्याच्याहून जास्त चालतं.

* * *

रांगेतली आमची म्होरकी म्हणजे ध्रुपदाकाकू. वय झालंय, पण कापूस वेचायला अजून तरण्या पोरींच्या पुढं असते. म्हणून तिच्या बोटांवरच्या रेघा पार झिजून गेल्यात.

एकदा मशीन तिचा अंगठा घेईना. दुकानदार बबनभाऊ म्हणाले, "काकू, पुसून लावा." काकूनं पदराला पुसून लावला. "डोक्याला घासून लावा." तेही केलं. "दुसरं बोट लावा." सगळी बोटं झाली. मशीन आपली लाल लाइट दाखवून राहिली.

काकू भडकली. "जलमभर नवऱ्याला अंगठा दाखवला, त्यानं दर टायमाला बराबर वळखला. ह्या डबड्यालाच काहून वळखू येत न्हाई?"

शेवटी बबनभाऊंनी पारावर माणूस धाडला आणि काकूचे मालक, दादाराव, पत्ते टाकून आले. त्यांनी अंगठा टेकवला आणि मशीननं लगेच पावती बाहेर काढली! दादाराव छाती काढून सगळ्यांकडं बघायला लागले.

काकू पिशवी उचलत म्हणाली, "त्यांचा लागणारच. अंगठा अजून कोराच हाय त्यांचा!"

* * *

मग ते प्लास्टिकच्या तांदळाचं प्रकरण झालं.

आमच्या शेजारच्या शोभाला मोबाईलवर कोणीतरी व्हिडिओ पाठवला. कंट्रोलच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे टाकतात म्हणे, आणि ते पाण्यावर तरंगतात. शोभानं पातेल्यात तांदूळ टाकला, तर खरंच काही दाणे वर आले! रंगानंही जरा वेगळेच. शोभाला घाम फुटला. दुपारभर ओट्यावर बसून तिनं सुपात तांदूळ पाखडला, तसला एकेक दाणा वेचला आणि सगळे गल्लीत फेकून दिले. दर महिन्याला हेच सुरू झालं. तिचं बघून आणखी दोघी-तिघी करायला लागल्या.

एके दिवशी अंगणवाडीच्या वंदनाताई तिकडून चालल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं शोभा, हे काय करून राहिली? प्लास्टिक नाही ते! तांदळाच्या पिठातच लोह आन् जीवनसत्त्वं घालून बनवलेले दाणे हायत. तुमच्या अंगात रक्त वाढावं म्हणून टाकतात, आन् तू नेमके तेच फेकते?"

शोभाचं तोंड एवढंसं झालं. पण ध्रुपदाकाकूचं तोंड उजळलं, कारण गल्लीतले दाणे खायला येणारा कोंबडा तिचाच होता.

"मी म्हणते," काकू म्हणाली, "आपला कोंबडा मधल्या मधी सरपंचाच्या कुत्र्याला काहून बडवून राहिला!"

* * *

काकू दुसऱ्यांना हसते, पण एकदा तीही सापडली.

अंगणवाडीतून लहान लेकरांसाठी खिचडीच्या पिठाची पाकिटं घरी देतात. काकूचा नातू, बंटी, त्यात बसतो. वंदनाताई दर महिन्याला त्याला वजनाच्या काट्यावर लटकवायच्या, आणि काटा होता तिथंच असायचा. पोरगं मलूल, हातपाय काड्यांसारखे. बंटीची आई कामाला जायची, लेकरू दिवसभर आजीपाशी.

ताई काकूच्या घरी आल्या, तेव्हा मीही तिथंच होते. "काकू, पाकीट देता ना बंटीला?"

"देत न्हाई तर काय करते? रोज खाऊन राहिलं ना लेकरू!"

ताईंनी फडताळावरचं एक पाकीट काढलं आणि बंटीला बोलवावं म्हणून हातात जरासं कुरकुरवलं.

बंटी ओसरीवर होता, तिथंच बसून राहिला. गोठ्यातून काकूची शेळी मात्र दावं तोडून आली! बंटीला ओलांडलं, मला ढकललं आणि ताईंच्या हातातल्या पाकिटात थेट तोंड घातलं. शेळी कशी? तुकतुकीत! पाठीवरून हात फिरवला तर घसरून जावा.

ताई म्हणाल्या, "काकू, हिलाच काट्यावर लटकवू का?"

काकूनं शेळीचं तोंड पाकिटातून ओढून काढलं. मग हळूच म्हणाली, "लेकरू थुकतं वं ते. गुळचट लागतं. जबरदस्ती करून घालू का?"

ताई चपला काढून चुलीपाशी बसल्या. तेच पीठ, त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, जरा ज्वारीचं पीठ, आणि तव्यावर धपाटे. बंटी वासानंच आत आला. एक खाल्लं, दुसरं मागितलं, तिसरं हातात घेऊन बाहेर पळाला. काकू त्याच्याकडं बघत राहिली. डोळे भरून आले होते, पण कबूल करेल ती काकू कसली!

"धुरानं झालं," ती म्हणाली. आणि मग खरी काळजी बोलून दाखवली: "पर आता शेळीला काय देऊ?"

* * *

शोभाचे सासरे माळकरी. घरात मांस-मच्छी सोडा, त्याचं नावसुद्धा निघत नाही. आणि शाळेत एकदा खिचडीसोबत उकडलेली अंडी सुरू झाली.

शोभाचा धाकटा पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाला, "आबा, आज शाळेत पांढरा बटाटा भेटला! आतून पिवळा हाय. लई भारी!"

शोभाच्या हातातली भाकर परातीतच राहिली. आता म्हातारा घर डोक्यावर घेणार! आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नातवाचे काड्यांसारखे हात बघितले.

"असन बाबा," आबा म्हणाले. "आजकाल नवीन नवीन बियाणं निघून राहिलं."

विषय संपला. त्यानंतर दर आठवड्याला आबाच नातवाला विचारायचे, "आज बटाटा भेटला का रे? समदा खाल्ला ना?"

उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा आबा संध्याकाळी आमच्या दारात, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "सूनबाई, तुमच्याकडं तो शाळेतला बटाटा पिकतो म्हणे?"

* * *

आता माझ्या घरचं सांगते.

माझी पोरगी प्रतीक्षा शाळेतून आली की दप्तर टाकून आडवी व्हायची. ओठ पांढरे पडलेले. शाळेत तपासणी झाली तर रक्त कमी निघालं, बरंच कमी. तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर नवीन होते, पण माणूस चांगला. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "सफरचंद, डाळिंब, खजूर, काळे मनुके द्या हिला."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ह्यातलं कंट्रोलमधी काहीच येत न्हाई. तिथं येतं त्याच्यातलं सांगा!"

ते हसले. मग खरंच विचार करून म्हणाले, "बरं. पालेभाजी रोज द्या, वरून लिंबू पिळा. डाळ, शेंगदाणे, गूळ. पालेभाजी तरी मिळते ना?"

पालेभाजी! अहो, पावसाळ्यात आमच्या सोयाबीनमध्ये सोयाबीनपेक्षा भाजीच जास्त असते. तरोटा, घोळ, पाथरी... मी एसटीतून उतरले ती घरी न जाता पोरीला घेऊन सरळ वावरात.

तर बांधावर आमचे हे! पाठीला पंप, तोंडाला रुमाल, आणि तणनाशक फवारायच्या तयारीत.

मी धावत जाऊन पंपाच्या नळीसमोर उभी राहिले. "थांबा!"

"बाजूला सर, अंगावर उडंल! काहून आडवी येऊन राहिली?"

"ही भाजी मारू नका."

"भाजी कुठली? तण हाय ते!"

"तण न्हाई," मी म्हटलं, "पोरीचं रक्त हाय ते." आणि दवाखान्यात आवरून धरलेलं रडू मला तिथं चिखलात आलं.

ह्यांनी बांधावर बसलेल्या प्रतीक्षाकडं बघितलं. मग पंप उचलला आणि पार दुसऱ्या टोकाकडं निघून गेले. विहिरीकडचा एक पट्टा त्यांनी तसाच सोडला. तिथं फवारा नाही, कोळपणी नाही. आजूबाजूला सोयाबीन चकाचक, आणि मधे आमचं जंगल! त्या पट्ट्यातली भाजी मी रोज खुडायचे. कधी डाळीत, कधी पिठात, कधी नुसती परतून. दिवाळीपर्यंत पोरीच्या ओठांना रंग आला. दप्तर टाकून आता ती गल्लीत पळते, आणि मी मागून ओरडते.

मधे शेजारच्या वावरातल्या भाऊंनी ह्यांना टोमणा मारला होता, "काय पाहुणे, पंप बंद पडला का? एवढं गवत माजलं!"

हे म्हणाले, "गवत न्हाई भाऊ. आमचं मेडिकल हाय ते!"

* * *

आणि आता त्या पाककृती स्पर्धेचं.

अंगणवाडीत कार्यक्रम होता. अट एकच: कंट्रोलचं धान्य आणि गावात मिळणाऱ्या वस्तू वापरून पौष्टिक पदार्थ करायचा. तालुक्याहून मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. टेबलं मांडली होती, फुगे लावले होते. शोभानं गव्हाची खीर केली, वरून शेंगदाण्याचा कूट. मी पिठात भाजी मळून मुठीनं वळलेले मुटके केले. कोणी गाजराची फुलं कापली, कोणी बीट किसून तिरंगा काढला. गावातले पुरुष बघायला आले होते. म्हणजे खायला! दादाराव सगळ्यांत पुढं. एका हातात खिरीची वाटी, दुसऱ्या हातात मुटका.

ध्रुपदाकाकूनं सगळ्यांत शेवटी ताटली आणून ठेवली. अर्धी भाकर, तळाशी खरवडलेला भात, जराशी तरोट्याची भाजी आणि वरणाचं नुसतं पाणी. सजावट म्हणून एक मिरची.

मॅडम पेन घेऊन आल्या. "आजी, पदार्थाचं नाव काय?"

"उरलेलं."

मॅडमना वाटलं, नवीन काहीतरी इकडचं असेल. त्यांनी लिहून घेतलं. "छान. कृती सांगा."

"आधी समद्यायला जेवू घालायचं. लेकरं, मालक, आलागेला पाहुणा. मंग भांडी खरवडायची. जे निघंल ते ताटात घ्यायचं."

आम्ही बाया हसायला लागलो. मग एकेक करून हसायचं थांबलो. मॅडमचं पेन मात्र चालूच होतं. त्यांनी न बघताच पुढचा प्रश्न विचारला, "आणि हे किती जणांचं प्रमाण आहे?"

"एकीचं," काकू म्हणाली.

मॅडमनी मान वर केली. दादारावांनी हातातला मुटका हळूच परत माझ्या ताटात ठेवला, वाटी टेबलावर ठेवली आणि काकूच्या टेबलापाशी आले. "मला दे बरं जरासं. बघू कसं लागतं."

काकूनं ताटली त्यांच्या हाताखालून ओढून घेतली. "न्हाई. आज मी आधी जेवणार."

आणि तिनं तिथंच, सगळ्या गावासमोर, फुग्यांच्या खाली मांडी घातली. भाकर मोडली, भाजीला लावली, मिरचीचा तुकडा पाडला. सावकाश, एकेक घास चावून खायला लागली. दादाराव समोर उभे. थोड्या वेळानं त्यांनी तांब्या शोधला, भरून आणला आणि तिच्या उजव्या बाजूला ठेवला. काकूनं वर बघितलंही नाही.

तोवर मॅडम भानावर आल्या. "अहो आजी, थांबा, थांबा! मी अजून चाखलं नाही! मार्क कसे देऊ?"

काकूनं शेवटचा घास तोंडात घातला, ताटली बोटानं निपटली आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "आता तुमच्यासाठी उरलं न्हाई, बाई!"