फोनमधला मुकादम

गोव्यातल्या हरमलला खोल्या भाड्याने देणाऱ्या आम्हा पाचजणांना एकत्र बसवा, चहा येण्याआधी दोन किस्से तयार! सगळे एकाच बुकिंग ॲपचे. पूर्वी तीन ॲप होती. मोठ्या कंपनीने बाकीची दोन विकत घेतली, आता सोडून जायचं तर कुठे? म्हणून हातातला फोन खाली ठेववत नाही.

* * *

कंपनीचा नियम असा, की ॲपपेक्षा स्वस्त दर कुठेच द्यायचा नाही. आमच्यातल्या बाबलोने गेटवरच्या फळ्यावर खडूने कमी दर लिहिला, कुणा पाहुण्याने त्याचा फोटो ॲपवर टाकला. दुसऱ्याच दिवशी कंपनीतल्या मुलीचा फोन. "सर, तुमच्या दुसऱ्या वेबसाइटवर रेट कमी दिसतोय."

"वेबसाइट खंयची गे बाय? तो फळो!"

* * *

पाहुण्याने परस्पर फोन करू नये म्हणून मेसेजमधला प्रत्येक आकडा, अक्षरात लिहिलेलासुद्धा, ॲप पुसतं. मी लिहिलं, "सात माडांकडून डावीकडे, दुसरं घर." त्याला पोचलं, "××× माडांकडून डावीकडे, ××× घर."

हरमलात माड काय कमी आहेत? मोपा विमानतळावरून आलेला तो बिचारा संध्याकाळपर्यंत फिरला आणि शेवटी बाबलोच्या घरात शिरला. तिथेच राहिला!

* * *

आमच्यातल्या सुलूवैनीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तिचं घर चार खोल्यांवर चालतं. एका जुन्या पाहुण्याला तिने थेट स्वस्तात खोली दिली, कंपनीला कळलं आणि ॲपच्या यादीत तिचं नाव तळाला गेलं. अर्धा सीझन खोल्या रिकाम्या. मला तर तिच्याकडे बघवत नाही.

तिने कंपनीला फोन केला. "माझा नाव खंय दिसता?"

"मॅडम, खाली स्क्रोल करा."

"केलंय. मगे?"

"करत राहा."

* * *

डिचोलीच्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, बाजार मुठीत असलेल्या कंपनीने लहानांना असं अडवणं स्पर्धा कायद्यात बसत नाही. तक्रार करा, पण वर्षं जातील.

बाबलो उसळला, "तोवर आमी पांचूय जाण एकच दर ठरवया!"

वकिलाने उठून दार लावलं. "हळू बोला! असं संगनमत केलंत तर हाच कायदा तुम्हाला लागेल!"

* * *

शेवटी ठरलं, शनिवारी सगळ्यांनी एकदम ॲपवरून खोल्या काढायच्या. कल्पना सुलूवैनीचीच. चहाच्या टेबलावर पाचही फोन बाहेर आले. "काढलं!" "काढलं!" म्हणत एकेकाने बटण दाबलं.

खात्री करायला बाबलोने ॲपवर आमची वस्ती शोधली. एकच घर दिसत होतं. सुलूवैनीचं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बुकिंग! आम्ही चौघे तिच्याकडे बघत राहिलो. तिने फोन छातीशी घट्ट धरला.

"पयल्यांदाच वर दिसतंय रे मी! आजचो एक दीस रवांदे."