न घेतलेल्या प्रवेशाची हजेरी

पोलिसाच्या आयुष्यात एखादंच प्रकरण असं येतं, जे त्याच्या बुद्धीची, धैर्याची आणि कायद्याच्या ज्ञानाची एकदम कसोटी पाहतं. माझ्या वाट्याला आलेलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही लख्ख आठवतं. त्यात गुन्हा नेमका काय, हे मात्र मला दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

तेव्हा मी नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते. अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी वही छातीशी धरून आत आली.

"काय तक्रार आहे?" अंमलदारांनी विचारलं.

"दवाखान्यातले पेशंट आजारी न्हाईत, सर."

अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. "मग चांगलंच हाय की, बाई. तक्रार कशाची?"

मी तिला आत बोलावलं. आई-वडील हंगामात ऊसतोडीला जाणारे, ही मामाकडे राहून बारावी सायन्स झालेली. नर्स व्हायचं होतं. निकाल लागताच वडिलांनी तालुक्यातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात तिचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका नेऊन दिली होती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी त्यांनी जागा धरली होती. इमारत चार मजली होती, दर्शनी भागाला काच होती, एवढं त्यांना पुरेसं वाटलं. नंतर नगरच्या सरकारी कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. तिथे मूळ कागद दाखवण्याची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. आणि खासगी कॉलेज कागद परत देत नव्हतं.

"पण पेशंटचं काय?"

तिने वही उघडली. दोन्ही कॉलेजं पारखून मगच ठरवायचं, म्हणून तिने प्रश्न लिहून काढले होते. खाटा किती? पेशंट किती? एका मॅडमच्या हाताखाली मुली किती? इंजेक्शन द्यायला शिकवतात ते माणसावर की बाहुलीवर? पुढे तारीख-वेळ घालून उत्तरं. माझ्या हाताखालच्या काही फौजदारांचे पंचनामे इतके नेटके नसत.

मंगळवारी ती न सांगता खासगी कॉलेजच्या दवाखान्यात गेली, तेव्हा खाटा चाळीस होत्या आणि पेशंट दोन. त्यातला एक तिथलाच वॉचमन. आज सकाळी कागद मागायला गेली, तर चाळीसच्या चाळीस खाटा भरलेल्या. चौदा नंबरच्या खाटेवर सलाइन लावून तिची सख्खी चुलती झोपलेली. ती घरी शनिशिंगणापूरला जाते म्हणून सांगून, गावातल्या इतरांबरोबर टेम्पोत बसून निघाली होती.

मी गोंधळलो. माणसं टेम्पोत बसून राजीखुशीने आली होती, म्हणजे अपहरण नव्हे. दाखले बापाने स्वतः दिले होते, म्हणजे चोरी नव्हे. निरोगी माणसाने दिवसा खाटेवर झोपणं कोणत्या कलमात बसतं, ते मला आजही ठाऊक नाही.

"साहेब, अदखलपात्र म्हणून नोंद घालू का?" अंमलदारांनी विचारलं.

"आधी बघून तर येऊ," मी म्हटलं.

मुलीला घेऊन आम्ही कॉलेजवर पोचलो. दारात रांगोळी होती आणि 'तपासणी समितीचे हार्दिक स्वागत' अशी कमान होती. आमच्या भागात सरकारी गाडीतून उतरणाऱ्याचा आधी सत्कार होतो, तो का आला हे नंतर विचारतात. मी काही बोलायच्या आत माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. सोबतच्या हवालदाराला गुलाब मिळाला. अशा अवस्थेत मी तपास सुरू केला.

पहिल्या खाटेवर पिळदार मिशांचा पन्नाशीचा गृहस्थ होता. "काय होतंय तुम्हाला?"

त्याने पायथ्याच्या कार्डाकडे मान वळवली. "मला वाचता येत न्हाई, साहेब. काय लिहिलंय तुमीच बघा."

कार्डावर लिहिलं होतं : सिझेरियन, दुसरा दिवस.

चौदा नंबरच्या चुलतीने पुतणीला पाहून पदर डोक्यावरून पुढे ओढला. "अगं बये, तू परत आली व्हय? घरी सांगू नको हां."

"काकी, तू दर्शनाला गेल्ती ना?"

"चार वाजता नेणार हायेत की! आधी झोपायचं, मग देव. जेवान बी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला काय न्हाई, भाऊ. गुडघे लई दुखत्यात, पर ते हितं कुनी लिहिलंच न्हाई."

सलाइनची नळी तिच्या हाताला नुसती चिकटपट्टीने चिकटवली होती. सुई नव्हती. पलीकडे गणवेशातल्या मुली मन लावून ताप मोजत होत्या, नाडी बघत होत्या. त्या खऱ्या विद्यार्थिनी होत्या, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी थर्मामीटरवरही विश्वास ठेवला नसता.

प्राचार्यांना केबिनमध्ये गाठलं.

"दाखले सुरक्षित आहेत, साहेब."

"कुठे?"

"कपाटात."

"कपाट उघडा."

"चावी अध्यक्षांकडे."

"अध्यक्ष?"

"शिर्डीला."

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. खरं बोलणारा जरा थांबतो, आठवतो. पाठ केलेलं सांगणारा थांबत नाही. शिवाय घरात समिती आलेली असताना कोणता अध्यक्ष कागदांची चावी घेऊन देवाला जाईल? कागद आज कपाटात नव्हतेच. आज ते प्रवेश झाल्याचा पुरावा म्हणून समितीला दाखवायला लागणार होते.

आम्ही मुलीला घेऊन सभागृहात गेलो. समितीच्या अध्यक्ष बाईंसमोर विद्यार्थिनींच्या फायली होत्या. प्रत्येक फाईल उघडून त्या नाव पुकारत होत्या, मुली उभ्या राहत होत्या. आम्ही दाराशी थांबलो. आठ-दहा नावं झाली आणि आमच्या मुलीचं नाव आलं.

"हजर, मॅडम!"

आवाज दोन आले. एक तिसऱ्या रांगेतल्या गणवेशातून, दुसरा माझ्या शेजारून. बाईंनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?" त्यांनी आमच्या मुलीला विचारलं.

"मॅडम, त्या फायलीतली मी. पण मी प्रवेश घेतलेला न्हाई. घ्यावा का, ते बघायला आलेय."

तिसऱ्या रांगेतली मुलगी मटकन खाली बसली. "सरांनी नुसतं हजर म्हणायला सांगितलं होतं," ती रडत म्हणाली. प्राचार्य छताकडे बघू लागले. बाईंनी फाईलमधून दाखला आणि गुणपत्रिका काढली, गुणपत्रिकेवरचं नाव मुलीच्या आधारकार्डाशी ताडून पाहिलं आणि कागद तिच्या हातात दिले. पावणेतीन वाजले होते.

जबाब मी नंतर घेतले आणि सविस्तर अहवाल वर पाठवला. तो पोचल्याचं पत्रही आलं. त्यापुढे काय झालं ते मला कोणी कळवलं नाही. त्या दुपारी ठाण्याचं टपाल नगरला न्यायचंच होतं. मी मुलीला जीपमध्ये घेतलं.

वाटेत विचारलं, "एवढी इमारत, एवढी काच. तुला एकदाही वाटलं नाही, कॉलेज चांगलं असेल?"

"वाटलं की, सर. म्हणूनच न सांगता गेल्ते."

मी उभ्या हयातीत न सांगता छापे घातले. पण स्वतःच्या मुलाचं कॉलेज निवडताना माहितीपुस्तिकेतल्या हिरवळीचे फोटो पाहून मान डोलावली होती. संस्था स्वागताला सजते तेव्हा तिचं काहीच कळत नाही, हे पोलिसाला कळायला हवं होतं. ते मला एका वहीने शिकवलं. पाल्याचा प्रवेश घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं : आडवारी, न सांगता जा, खाटा मोजा, खाटेवरच्या माणसाशी दोन शब्द बोला, आणि तोवर मूळ दाखला घरातल्या पेटीत राहू द्या.

साडेचारला आम्ही सरकारी कॉलेजच्या खिडकीशी पोचलो. मुलगी पळत गेली, कागद आत सरकवले. खिडकीतल्या बाईंनी ते शांतपणे तपासले, शिक्का मारला, पावती दिली.

"एवढं पळत कशाला आलीस गं?" त्या म्हणाल्या. "मुदत सोमवारपर्यंत वाढलीय. सकाळी साडेदहालाच नोटीस लावली."