ट्रॅक्टरचा निळा धूर

चुलीचा धूर मला जन्मापासून ओळखीचा. तो डोळ्यांत जातो, पाणी काढतो आणि निघून जातो. धुरावरून दुखणं ओळखायचं असतं हे मात्र मला लग्नानंतर माझ्या यजमानांनी शिकवलं. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि या वयात ती सवय मोडायची माझी इच्छाही नाही. तेव्हा इथेही ते ‘हे’ म्हणूनच येतील.

आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे. जमीन काळी, कापसाची, पण निम्म्या रानात कुंद्याचं तण माजलेलं. कुंद्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात की बैलांच्या नांगराला त्या दाद देत नाहीत. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि शिरपूरकडच्या एका बागायतदाराने ट्रॅक्टर आणून कुंदा मुळासकट काढल्याची बातमी आमच्यापर्यंत आली होती. यांच्या डोक्यात तेच बसलं. दोन वर्षांनी त्याच बागायतदाराने नवा ट्रॅक्टर घेतला, तेव्हा त्याचा जुना, डिझेलवर चालणारा, यांनी विकत आणला. आणण्यासाठी आमच्या दोन्ही बैलजोड्या बाजारात गेल्या.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नाही म्हटलं नाही. बैल गेले त्या दिवशी ते रिकाम्या गव्हाणीपाशी बसून राहिले, जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाला एवढंच म्हणाले, “आखाजीलगून दखू. नही चालनं त बैल लई येसू.”

आमच्याकडे शेतीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतं. वर्षाचा गडी, सालदार, तेव्हाच ठरतो, बैल तेव्हाच घेतात. म्हणजे मुदत तशी भरपूर होती. पण यांनाही तिरमिरी आली. वडिलांसमोर काही बोलले नाहीत, मला मात्र आत येऊन सांगितलं की आखाजीला या गोठ्यात पुन्हा बैल बांधले गेले तर मी या घरात राहणार नाही, भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात जाईन. मला ठाऊक होतं, हा माणूस बोलला की करतो. मला भुसावळ नको होतं. विहिरीवर मी लावलेला शेवगा त्याच वर्षी पहिल्यांदा धरला होता. मी तिथे रुजले होते, आणि आता सगळं त्या तांबड्या लोखंडावर येऊन अडलं होतं.

सुरुवात चांगली झाली. थंडीत तो हँडलने सुरू करताना यांचे खांदे भरून येत, पण एकदा लागला की दिवसभर चाले. परसातून मी धुराकडे पाहायची. हे सांगत, “काया दखा का समजानं, हवा कमी पडी ऱ्हायनी. धवया दखा का डिझेल पुरं जयत नही. आनि निया दखा का इंजिननं तेल जयी ऱ्हायनं.” काळ्याची त्यांना भीती नव्हती. हवा गाळायचं भांडं धुतलं की तो जाई. भीती निळ्याची.

संक्रांत उलटली आणि धूर निळा झाला.

आधी फक्त सकाळी, मग दिवसभर. यांनी नोझल काढून पुसले, पुन्हा लावले. तेल बदललं. चार दिवस बरे गेले की पुन्हा निळं. खरं कोडं वेगळंच होतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, आणि जळतंय तर ते कमी व्हायला हवं. पण इंजिनात सळई बुडवून पाहिली की तेल भरलेलंच. हे सळई पुसत, पुन्हा बुडवत, पुन्हा पाहत आणि माझ्याकडे असे बघत की जणू मीच काही खोडी केली आहे. डिझेल उतरून तेलात मिसळतंय की काय म्हणून वास घेऊन पाहिला. डिझेलचा वास नव्हता. जेवणावरचं लक्ष उडालं. गावातले लोक बांधावर थांबून विचारत, काय, तुमचा म्हातारा ट्रॅक्टर विडी ओढतोय वाटतं? हे हसत आणि घरी येऊन ताटावरून उठत.

मला वासाने कळलं, आणि तेही उशिरा. एके दिवशी न्याहारी घेऊन शेतात गेले, तर वारा माझ्याकडे होता. धुरात जवस भाजल्यासारखा वास आला. चटणीसाठी जवस खापरावर टाकला आणि जरा जास्त झाला, की येतो तसा. मी भाकरी ठेवली आणि थेट घरी परतले. गोठ्यात बैलांच्या तेलाचा डबा होता. कामाचा हंगाम आला की आमच्याकडे बैलांना बांबूच्या नळकांड्याने जवसाचं तेल पाजतात, अंगात ताकद राहावी म्हणून. बैल दिवाळीनंतरच गेले होते. डबा मात्र तळाला आलेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सडा घालायच्या आधीच गोठ्याच्या कुडाआड उभी राहिले. आबा आले. हातात तेच नळकांडं. गोठ्यासमोर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरचं झाकण त्यांनी काढलं, एका हाताने ट्रॅक्टरच्या पत्र्यावर थोपटत दुसऱ्या हाताने तेल ओतलं, आणि बैलांशी बोलत तशा आवाजात त्याच्याशी बोलले, “पी, बापा. थकी जास तू. मन्हा पोऱ्या दिनभर तुले हाकस.”

मला रडू आलं, आणि त्याच वेळी आबांचा संतापही आला. दुपारी यांना सगळं सांगितलं. हे तसेच उठले. इंजिनातलं सगळं तेल खाली सोडलं. ते वाहेना. डिंकासारखं लोंबत होतं. नवं तेल घातलं, तरी धूर निळाच राहिला. जवसाचं तेल तापून चिकटतं. पिस्टनच्या रिंगा आतल्या आत जाम होऊन सिलिंडर ओरबाडून निघाला होता.

“आबांना सांगा,” मी म्हटलं. “आजच सांगा. तुमची काही चूक नाही हे घराला कळू दे.”

“नही,” हे म्हणाले. “बैल गयात तव्हयपासून तेसनी ट्रॅक्टरकडे दखंबी नही असं मी समजी ऱ्हायंतू. तेसनी त त्याले गोठामा लिधं. आते मी कोना तोंडनं सांगू, का तुमना हातखाल मरना म्हनीसन?” आणि माझ्याकडूनही वचन घेतलं.

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. म्हाताऱ्याचं मन राखायला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायचं, हा कुठला न्याय? पण वचन दिलं होतं.

आखाजीच्या आधी ट्रॅक्टर शेतातच बंद पडला, तो पुन्हा लागला नाही. यांनी ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं की मला जमलं नाही, मी जास्त ताणला. आबा बैलबाजाराला निघाले. आखाजीला माहेरवाशिणी निंबाला झोके बांधून गात होत्या आणि आमच्या गोठ्यात नवी जोडी आली. नव्या कासऱ्यांचा वास अंगणभर होता. तो आठवडा संपायच्या आत आम्ही भुसावळला निघालो. शेवग्याकडे मी पाहिलंच नाही.

रेल्वेच्या कारखान्यात हे चांगले रमले असं लोक म्हणत. मी त्यांच्यासोबत राहत होते, मला माहीत आहे. इंजिनाचा धूर दिसला की ते मान वळवत.

आबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी महिनाभर गावी जाऊन राहिले होते. एका दुपारी त्यांना पेज भरवत होते. हे नुकतेच भेटून परत गेले होते. आबा दाराकडे बघत होते. म्हणाले, “मन्हा पोऱ्या चांगला शे. पन त्याना हातले गुन नही वं. त्या ट्रॅक्टरकरता मी काय कमी करं? बैल गयात तरी तेल बंद करं नही. रोज मन्हा हातनं पाजं. त्याले सांभायता उनं नही.”

मी पुढचा चमचा भरला आणि ‘हो आबा’ म्हटलं.