वस्तादांनी न घेतलेलं पाणी

बंद पडलेल्या गाडीचं बोनट वस्ताद लगेच कधी उघडत नसत. ड्रायव्हरला समोर बसवून आधी त्याचा जबाब घेत. सकाळी बंद पडली की दुपारी? पळताना की उभी केल्यावर? गार झाल्यावर चालू झाली का? ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, आता पाना घ्या की हातात. वस्ताद शांतपणे म्हणायचे, "पाना कुठं पळून चालला? पैलं गाडी काय म्हणून राहिली ते कळू द्या."

लातूर जिल्हा नवा झाला आणि कचेरीत सामान आलं ते सगळं जुनं. टंचाईच्या कामाला पेट्रोलवरची जीप मिळाली तीही नांदेडची उतारवयाची. तिच्याबरोबर वस्ताद आले. मूळचे मुदखेडचे, ड्रायव्हर आणि मिस्त्री दोन्ही. मी नुकताच नायब तहसीलदार झालो होतो. पाऊस सलग हुकलेला. वाडीवर जायचं, विहिरीत डोकावायचं, तळ दिसला की टँकरची शिफारस लिहायची. विहिरींचे तळ पाहून पाहून मला माणसांशी बोलायचाही कंटाळा आला होता.

जीपच्या स्टिअरिंगशेजारी एक खुंटी होती. ती ओढून ठेवली की ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी एका वेगात चालायची. आता महागड्या गाड्यांत याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. वस्तादांचा उजवा गुडघा दुखायचा, म्हणून सरळ रस्ता आला की ते खुंटी ओढून पाय मोकळा सोडत. पण मध्येच वेग आपोआप पडायचा. दुसरी तक्रार अशी, की उभी केलेली जीप पुन्हा चालू व्हायला तयार नसे. आधीच्या लोकांनी बॅटरी बदलली, खुंटीची केबल बदलली, उपयोग शून्य. वस्तादांनी ती जीप चालवलेल्या प्रत्येकाला गाठून विचारलं. दोन्ही तक्रारी फक्त दुपारच्या निघाल्या. मग ते खाली झोपले आणि बोट दाखवून म्हणाले, "दोन रोग न्हाईत, साहेब. एकच हाय." कुणीतरी पेट्रोलचा पाइप सायलेन्सरला चिकटवून नेला होता. पेट्रोल वाटेतच उकळायचं, इंजिनाजवळच्या पंपाला ते ओढता यायचं नाही.

नवा पाइप येईपर्यंत इलाज एकच, पंपावर ओलं फडकं. त्यासाठी पाण्याचा एक डबा कायम गाडीत असे.

एका शनिवारी आम्ही अहमदपूरच्या पुढच्या एका वाडीवर गेलो. विहीर कोरडीठाक. शिफारस लिहून झाली. मंजुरीची सही करणारे मोठे साहेब पाचला मुंबईला निघणार होते. त्याआधी कागद त्यांच्या हातात पडला तर रविवारी टँकर येणार होता. आम्ही निघायला बसलो आणि जीप चालू होईना. डब्यातलं पाणी येताना रेडिएटरलाच लागलं होतं. लोक जमले. एक बाई घरातून तांब्याभर पाणी घेऊन आली आणि पुढे करून उभी राहिली. तिने ते दोन कोसांवरून आणलेलं होतं.

वस्तादांनी हात जोडले. "न्हाई माय. लेकरांचं पाणी गाडीला पाजू कसं? गाडी हाय, गार होईल आपसूक."

गाडी गार व्हायला दोन तास लागले. वस्ताद सावलीला बसलेच नाहीत, टोपीने पंपाला वारा घालत राहिले. आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. साहेब गेलेले. सही बुधवारी झाली.

सहीचा कागद घेऊन उतरताना जिन्यावर वस्ताद मला म्हणाले, "तांब्याभर पाणी वाचवलं, अन् समद्या गावाचं चार दिसांचं घालवलं." त्यानंतर हा माणूस थकत गेला. पाइप आला, त्यांनी तो बसवला, जीप भर दुपारीही एका किल्लीत चालू होऊ लागली. मी कौतुक केलं तर म्हणाले, आता काय उपयोग.

पुढे जेव्हा जेव्हा भेट झाली तेव्हा ते एकच विचारत, "त्या चार दिसांत तिथं कुणाला काही झालं तर न्हाई ना?" मी सांगायचो, नाही. शेवटचं मुदखेडला भेटलो तेव्हा ते खाटेवर होते, बोलताना धाप लागत होती. तरी त्यांनी तेच विचारलं. मी म्हणालो, "कुणालाही काही झालं नाही, वस्ताद." त्यांनी डोळे मिटले, बरं वाटल्यासारखे. पंधरा दिवसांनी ते गेल्याचं कळलं.

खरं सांगतो, मी त्या वाडीवर कधी चौकशीच केली नाही. धीरच झाला नाही. गाडीत साहेब मी होतो. ते पाणी घ्या, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं, आणि मला ते सुचलंही होतं. पण वस्तादांनी हात जोडले तेव्हा लोक आमच्याकडे इतक्या मायेनं बघत होते, की मी गप्प बसलो. वस्ताद मात्र तो दोष एकट्याचा समजून गेले.