उशिराची घाबरगुंडी

जुन्नर-आंबेगाव हे दोन तालुके पालथे घातले तरी आमच्या दाजींइतका उशिरा घाबरणारा माणूस सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार पिंपळवंडी. संकट दिसलं की मेंदू अंगाला हुकूम सोडतो म्हणे: छाती धडधडू द्या, रक्त पायांकडं धाडा, पळा. दाजींचा मेंदूही सोडतो; फक्त हुकूम पोचेतो संकट घरी जाऊन जेवलेलं असतं. एकदा पहाटे उसाला पाणी द्यायला गेले, तर मोटरीच्या खोलीपुढं बिबट्या. दाजी म्हणाले, "सरका पावणं, लाइट आलीय." तो बिचारा सरकला. दाजींनी मोटर चालू केली, सरी-सरीला पाणी वळवत दारं धरली, घरी येऊन भाकरी खाल्ली, आणि ताई ताक वाढत असताना त्यांना दरदरून घाम फुटला, दात वाजायला लागले. ताईनं त्यांचे दोन्ही हात धरून विचारलं, "आज काय व्हतं?" "बिबट्या," दाजी म्हणाले. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात गाडा गर्दीत घुसला त्या दिवशीही हेच. लोक चपला टाकून पळाले. दाजींनी एका म्हाताऱ्याला अलगद बाजूला नेऊन त्याची टोपी झटकून दिली, आणि संध्याकाळी घरी चहा पिताना थरथरले. डॉक्टरांना यात काहीच सापडलं नाही. दाजी त्यांनाच समजावत होते, "आमच्याकडं समदं उशिरानंच येतं, डॉक्टर. लाइट बघा की."

मग ताईच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. माझी पुण्याला पोचायच्या आधीच पाचावर धारण बसली होती. दाजी हॉस्पिटलात लग्नघरच्या कारभाऱ्यासारखे वावरत होते. डॉक्टर म्हणाले, "खात्री देता येत नाही." दाजी "बरं" म्हणाले आणि मला म्हणाले, "चल, दोन घास खाऊन घेऊ." मला असा राग आला राव! बायको आत टेबलावर, आणि हा माणूस वडापावला चटणी मागतोय. ऑपरेशन नीट झालं, दिवस उलटले, तरी कपाळावर घामाचा थेंब नाही. या खेपेला हुकूम वाटेतच हरवला म्हणायचा.

ताईला घरी आणून पलंगावर बसवलं. तिनं घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "काय हा पसारा! माणसं राहत व्हती का जनावरं?" ते ऐकलं आणि दाजी उभ्या उभ्या थरथरायला लागले. भिंतीला धरून खाली बसले. हा माणूस आजवर दर वेळी तिच्यापुढं येऊनच घाबरला होता, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. ताईला उठायची बंदी होती. तिनं बसल्या जागेवरून हात पुढं केला.

"या हिकडं," ती म्हणाली. "घाबरा आता. मी हाय."

मी उठून गोठ्यात गेलो. तिथं मला काहीच काम नव्हतं.