फुटबॉलवाले केस

बाबांच्या दहाव्याला नदीवर मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, माझ्यावर खेकसले, "आधी टक्कल कर. हे फुटबॉलवाले केस घेऊन पिंडाले हात नको लावू."

स्वतःचं डोकं त्यांनी सगळ्यांआधी भादरून घेतलं होतं. बाबा वर्षभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा एकाच गल्लीत राहून हा माणूस आमचा उंबरा चढला नाही. मी बाबांना उठवून बसवायचो, मोबाईलवर फुटबॉल दाखवायचो. त्यांच्या आवडत्या खेळाडूसारखी कटिंग मी आर्वीत जाऊन केली, तेव्हा कानावरच्या बारीक केसांवरून हात फिरवत ते पोटभर हसले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोठेबाबा, बाबाले उचलाले कधी आले नाई, न आता माह्या डोक्यावर वस्तरा फिरवाले बरे आले!"