वहिनींच्या चेहऱ्यावरचं तेज

फोन वहिनींच्या नंबरवरून आला. सकाळची गोळी घेऊन मी स्वयंपाकघरात ओट्याशी घुटमळत होतो. गोळीनंतर तासभर चहा घ्यायचा नाही असा नियम आहे, आणि तो तास एकट्यानं काढणं मला कधी जमलं नाही. त्यामुळं वहिनी नेमक्या त्याच वेळेला मिरजगावहून फोन करायच्या. बरे आहात का, जेवलात का, असलं काही नाही. थेट प्रश्न, "घेतली का?" त्या दिवशीही मी फोन कानाला लावला आणि तिकडचं काही ऐकायच्या आधीच ओरडलो, "घेतली हो, घेतली! आता काय फौजदार पाठवता का?" पलीकडून पुतण्याचा, विजूचा आवाज आला. "काका, आई गेली."

भावजय गेल्यावर माणसाला दुःख व्हावं, अशी रीत आहे. मलाही झालं. पण आता काही आठवडे उलटल्यावर खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी किळस आली आणि अजून गेलेली नाही. शालनवहिनींच्या गळ्यात थायरॉईडची ग्रंथी नव्हती. ऑपरेशन करून ती पूर्ण काढली होती. रोजची एक इवलीशी गोळी हीच त्यांची ग्रंथी. ती गोळी त्यांनी बंद केली. बंद का केली, कुणासाठी केली आणि त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या, ते सांगायला हा लेख लिहितो आहे.

आमचे थोरले बंधू लवकर गेले. वहिनींनी शेती बघितली, विजूला वाढवलं आणि मधेच गळ्याला गाठ आली म्हणून पुण्याला जाऊन ग्रंथी काढून आल्या. मी श्रीरामपूरहून बघायला गेलो, तर गळ्याला पट्टी बांधून खाटेवर बसलेल्या. मी मास्तर, त्यामुळं त्यांना हार्मोन म्हणजे काय ते समजावून द्यायला लागलो. थोडा वेळ ऐकून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, इतकं कशाला? चुलीला जाळ घालनारी बाई काढून टाकली. आता रोज सकाळी उठून आपनच एक काटकी सारायची. न्हाई सारली तर चूल इझती. झालं!" मी माझं शास्त्र मुकाट्यानं पिशवीत भरलं.

काही वर्षांनी माझ्याही गळ्याला गाठ निघाली. हे कळल्यावर वहिनी इतक्या हसल्या, की मला वाटलं, ऑपरेशनपेक्षा हेच जास्त दुखतंय. "सख्खे दीर-भावजय शोभतो आता. एकाच सुरीचे," म्हणाल्या. माझी ग्रंथी गेली आणि माझ्या मूर्खपणाला मात्र चांगलं बाळसं आलं. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी जन्मभर घ्यायची. मी विचारलं, "आणि त्यानंतर?" पुढं कित्येक महिने मी ती गोळी चहात बुडवलेल्या खारीबरोबर गिळत होतो. तपासणीत आकडा वाढलेला दिसला की लॅबवाल्याला नावं ठेवायची. एकदा तर आठवडाभर गोळी विसरलो आणि तपासणीच्या आदल्या दिवशी राहिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, की परीक्षेच्या तोंडावर घोकून काही होत नसतं, आणि स्वतः हे केलं! दिवसभर छातीत टेम्पोचं इंजिन धडधडत होतं. डॉक्टर रागावले, म्हणाले, रक्तातला आकडा असा एका दिवसात फसत नाही, जीव मात्र जाऊ शकतो. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "तुमाला मास्तर कोनी केलं वो?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तो सकाळचा फोन सुरू झाला.

रक्त तपासायला आम्ही नगरला भेटायचो. जिल्ह्याचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं अजून बदलत नाही. त्या खालून यायच्या, मी वरून, आणि दोघं उपाशी. आधी रक्त द्यायचं, मग गोळी, मग लॅबच्या बाकावर तास काढायचा. त्या तासात वहिनी समोरच्या माणसांच्या नकला करायच्या. हळू, पदराआड, पण अशा हुबेहूब, की एकदा मी हसताना दंडावर धरलेला कापसाचा बोळा समोरच्या बाईच्या ओटीत उडाला.

आणि विजू. मोबाईलचं दुकान काढलं, ते बसलं. सूनबाई मुलाला घेऊन माहेरी गेल्या. विजू दिवस दिवस अंगावर चादर घेऊन पडून राहायचा. वहिनींना स्वतःच्या गळ्याची कधी काळजी नव्हती, काळजी होती ती या चादरीची. मग कुठून तरी त्याला एक धंदा सापडला. हिरव्या पुडीतली पावडर. थायरॉईड मुळासकट घालवते, गोळ्या सुटतात. आपण विकायची, आणखी विकणारे जोडायचे. मी फोनवर वहिनींना म्हणालो, "अहो, तुमचा थायरॉईड पुण्याच्या दवाखान्यात बाटलीत गेला. ही पावडर काय बाटली शोधत जाणार का?" त्याही हसल्या. पण जरा कमी हसल्या.

पुढं कळलं, की विजूला धंद्यात वर चढायचं तर कंपनीच्या बैठकीत घरातला अनुभव दाखवावा लागतो. आपल्याच माणसाच्या गोळ्या सुटल्या पाहिजेत. पावसाळा संपता संपता वहिनींनी गोळी सोडली. ते कळताच मी तडक मिरजगावला गेलो. विजू घरी नव्हता. मी भांडलो, ओरडलो, हात जोडले. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "तुमी म्हनता ते सगळं मला कळतंय. मी काय खुळी न्हाई. पावडरीनं काय बी हुत न्हाई."

"मग?"

"मग काय? पोरगं सकाळी उठून अंघूळ करतंय. इस्त्रीचा शर्ट घालून भाईर पडतंय. सूनबाईचा परवा फोन आला हुता." त्यांनी भाकरी उलटली. "त्याची ती मोठी बैठक हुऊ द्या. त्याला तेवढं वर चढू द्या. मग घेते की परत. चूल काय लगीच इझती व्हय?"

आणि लगेच, "तुमी घेतली का आज?"

ही बाई स्वतःची गोळी सोडून रोज सकाळी माझी गोळी विचारत होती. आणि मी रोज "घेतली" म्हणत होतो.

बैठक नगरच्या एका मंगल कार्यालयात होती. मी ठरवून गेलो, भर सभेत उठायचं आणि सांगायचं. दारात गुलाबपाणी, आत खुर्च्यांना झालरी, स्टेजवर कोट घातलेला एक गुळगुळीत माणूस. त्यानं वहिनींना वर बोलावलं. त्या पायऱ्या चढल्या, त्या चढण्यातच मला कळलं. पाऊल जड. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगवटा, भुवया विरळ. बांगड्या मनगटात रुतलेल्या. दुपारच्या उकाड्यात अंगावर स्वेटर. कोटवाला माईकमधून म्हणाला, "बघा! आईंच्या चेहऱ्यावरचं तेज बघा!" आणि सगळं कार्यालय टाळ्या वाजवायला लागलं... सूज होती हो ती. माझ्या वहिनी डोळ्यांदेखत फुगत होत्या आणि लोक त्याला तेज म्हणत होते. आता हे लिहितानाही तोंडात कडू पाणी येतंय. वहिनी माईकसमोर उभ्या राहिल्या. ज्या बाईची जीभ कात्रीसारखी चालायची, ती एकेक शब्द चिखलातून पाय काढावा तसा काढत होती. "मी... गोळी सोडली. मला... बरं वाटतंय." पहिल्या रांगेत विजू मोबाईलवर ते टिपत होता.

मी उठलो. स्टेजवर गेलो. माझा पराक्रम ऐका. मी तोंड उघडायच्या आत कोटवाल्यानं माझ्या गळ्यावरचा व्रण पाहिला, "आणखी एक अनुभव!" म्हणत माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी माईक ओढून म्हणालो, "मी रोज गोळी घेतो आणि घेणार!" तो हसत म्हणाला, "काकांना अजून मार्ग सापडलेला नाही. आपण दाखवू या!" पुन्हा टाळ्या. मला कडेला नेऊन हातात नमुन्याची पुडी दिली. उभा जन्म वर्ग गप्प केले मी, आणि त्या दिवशी मला गप्प करायला एक शाल पुरली. खाली आलो तर वहिनी, तशा सुजलेल्या तोंडानं, हळूच म्हणाल्या, "शाल... चांगली हाय. ठिवा."

मी विजूला हाताला धरून तिथल्या तिथं लॅबमध्ये चल म्हणालो. तो म्हणाला, "काका, आज नको, आज सगळे वरचे लोक आलेत." वहिनींनी माझा हात सोडवला. "पुढच्या आठवड्यात जाऊ, भावजी." पुढच्या आठवड्यात थंडी पडली. त्यांना खोकला झाला. फोन येत होता, पण "घेतली का?" एवढं म्हणायलाही त्यांना वेळ लागायचा. एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी मिरजगावला निघणार, तोच विजूचा तो फोन आला. माझी गाडी मिरजगावला पोचेपर्यंत थांबायला हवं होतं त्यांनी, असं मी रागानं म्हणतो. रागावतोय कुणावर, ते मलाच माहीत नाही. विजू पहाटे उठवायला गेला तर उठेनात, अंग बर्फ. नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विजूला एकच विचारलं, "गोळी कधीपासून बंद होती?" विजूनं सांगितलं, पावसाळा संपल्यापासून. डॉक्टर कागद भरायला लागले. त्यांनाही बहुतेक मला आली तीच किळस आली असावी.

दहाव्याला कोटवाला आला. पांढरा सदरा घालून, चेहरा पाडून. सांत्वन करता करता एका पाहुण्याला म्हणाला, "एवढी वर्षं गोळ्या खाल्ल्या ना, शरीर आतून पोखरलं होतं. आमच्याकडं यायला उशीर झाला." आणि खिशातून कार्ड काढून दिलं. दहाव्याला! मी त्याला काय बोललो ते पुरवणीत छापण्यासारखं नाही. विजू मधे पडला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगतो. तो आता पुन्हा चादर घेऊन पडलेला असतो. धंदा सोडला. आईचा तो व्हिडिओ काढून टाक म्हणालो तर रडायला लागला. "काका, तो माझ्या हातात न्हाई आता. वरच्यांनी टाकलाय, सगळीकडं फिरतोय."

फिरतोय हे खरं. परवा माझी तपासणी होती, म्हणून नगरला गेलो. रक्त दिलं, गोळी घेतली आणि त्याच बाकावर तास काढायला बसलो. शेजारी एक बाई होत्या, काष्टीच्या, असतील पन्नाशीच्या. गळ्यावर आडवा व्रण, पदरानं झाकलेला. मोबाईल कानाशी धरून काही तरी ऐकत होत्या. मला आवाज ओळखू आला. जड, चिखलात रुतलेला. मी... गोळी सोडली. मला... बरं वाटतंय.

मी म्हणालो, "ही माझी वहिनी."

बाई खूश झाल्या. "व्हय का! किती तेज हाय वो चेहऱ्यावर. कशा हायत आता?"

मी सांगितलं. कशा आहेत ते सांगितलं आणि तेज म्हणजे काय तेही सांगितलं. बाईंनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. बांगड्या मनगटात रुतलेल्या होत्या.

"मी बी दिवाळीपासून सोडलीय," त्या म्हणाल्या. "परत चालू करू का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी मास्तरकी केली नाही. म्हणालो, "मी डॉक्टर नाही, बाई. पण आता रक्त दिल्यावर घरी जाऊ नका. इथून सरळ डॉक्टरांकडं जा, आणि सोडलीय हे लपवू नका."

आतून त्यांना हाक आली. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"तुमच्या वहिनीचं नाव काय हुतं? यात कुठं सांगितलंच न्हाई."

"शालन," मी म्हणालो.

"शालन," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी तास संपल्यावरही उठलो नाही. त्या बाहेर येईपर्यंत, आणि डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसेपर्यंत, तिथंच थांबलो.